पुण्यात कोरोनाकाळात शाळा पुन्हा सुरू करताना सगळ्यात अवघड काय गेलं?

सॅनिटायझर, थर्मल गन, मास्क हे पैसे टाकले की मिळत होतं. खरी अडचण होती जागेची. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एका बाकावर एकच मूल बसवायचं म्हटल्यावर निम्मा वर्ग आज, निम्मा उद्या. म्हणजे शिक्षकांनी तोच धडा दोनदा शिकवायचा, शिवाय घरी बसलेल्यांसाठी ऑनलाइन तास वेगळाच. या ओढाताणीची दखल फार कमी जणांनी घेतली.

दुसरं, रिक्षा आणि व्हॅनवाले काका. दीड वर्ष धंदा बंद, कित्येकांनी गाडी विकली किंवा भाजीचा व्यवसाय धरला. शाळा उघडली तरी कोथरूड-सिंहगड रस्त्यावरच्या नोकरदार आईबापांनी मुलाला सोडायचं कसं? त्यात पालकांचं संमतीपत्र सक्तीचं. घरात आजी-आजोबा असले की सही करताना हात अडखळायचाच.

सतत बदलणाऱ्या तारखांनी तर सगळेच वैतागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये शहरात आठवी ते बारावी सुरू झाली, धाकट्यांना डिसेंबर उजाडला, आणि जानेवारीत ओमिक्रॉनमुळे पुन्हा कुलूप.

पण मला सर्वांत जास्त काळजी पहिली-दुसरीची वाटली. ही मुलं शाळेची पायरीही न चढता वरच्या वर्गात गेली होती. पेन्सिल नीट धरता येत नव्हती, जोडाक्षरं दिसली की गप्प व्हायची. तुमचं मूल त्या वयोगटातलं असेल तर आजही त्याला रोज थोडं मोठ्याने वाचायला लावा.