हिडकलवरून २५ किलोमीटर पाइपलाइन टाकून गावांना पाणी द्यायचे, तर पंचायतीने काय तपासावे?

तुमचा प्रश्न असा आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणातून सुमारे एक लाख वस्तीच्या गावांसाठी बहुग्राम योजना (अनेक गावांची मिळून एक पाणीयोजना) येते आहे, मुख्य वाहिनी २५ किलोमीटर आहे आणि आराखड्यात ४०० मिलिमीटर व्यासाचा डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बिडाचा) पाइप धरलाय. तो पुरेल का, आणि पंचायत सदस्य म्हणून तुम्ही काय बघायचे? पाणी ४०० मधूनही जाईल, पण वीजबिल भरता भरता पंचायती मेटाकुटीला येतील. ४५० चा आग्रह धरा.

हिशेब असा. वाहिनी ३० वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी आखतात, पंप १५ वर्षांसाठी. आजचे एक लाख ३० वर्षांनी १ लाख ६० हजार होतील असे धरू. जल जीवन मिशनचा दर माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज ८८ लाख लिटर. शुद्धीकरणातली घट आणि गळती धरून एक कोटी. (संकेश्वरसारखे शहर त्याच वाहिनीवर घेणार असतील तर तिथे दर १३५ लिटर लागतो, मग सगळे आकडे बदलतात.) पंप चोवीस तास चालेल असे धरून व्यास काढू नका, सोळा तास धरा. सेकंदाला १७४ लिटर येतात. ४५० मध्ये पाण्याचा वेग १.१ मीटर आणि घर्षणात दर किलोमीटरला २.२ मीटर दाब (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब) जातो. ४०० मध्ये ३.८ मीटर. पूर्ण लांबीत फरक ४० मीटरचा. तेवढे जास्त उचलायला सुमारे ९५ किलोवॅट, म्हणजे वाहिनी पूर्ण क्षमतेने चालली की वर्षाला साडेपाच लाख युनिट. पाइपचा जादा खर्च एकदाच होतो, हे युनिट दरवर्षी भरायचे असतात.

याखेरीज उंचीची चढण आहेच. हिडकल भरले की पातळी २,१७५ फूट, म्हणजे ६६३ मीटर. बेळगाव शहर साधारण साडेसातशे मीटरवर. मे महिन्यात जलाशय खाली जातो तेव्हा चढण आणखी वाढते. म्हणून पंपाचा हेड (पाणी किती मीटर उचलायचे तो आकडा) उन्हाळ्याच्या पातळीवरून काढलाय का आणि जॅकवेलचे (जलाशयातून पाणी घेणाऱ्या विहिरीचे) तोंड मृतसाठ्याच्या, म्हणजे धरणातल्या सर्वात तळच्या साठ्याच्या, पातळीचा विचार करून ठेवलेय का, हे आधी विचारा.

आता ज्यामुळे वाहिन्या बरेचदा फुटतात ते सांगतो. वीज अचानक गेली की पंप थांबतो, पाण्याचा लोंढा मागे फिरतो आणि धक्का बसतो. १.१ मीटर वेगाला हा धक्का साधारण ११० मीटर दाबाचा असतो, नेहमीच्या दाबाच्या वर. टेकाडावर त्याच वेळी पोकळी तयार होते आणि दोन्हीकडचे पाणी परत आदळते. उपाय माहीत आहेत: पंप हाऊसमध्ये हवेची टाकी, वाहिनीवर झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह (पाणी मागे फिरण्याआधीच बंद होणारा), प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणारा). त्यासाठी केलेले सर्ज विश्लेषण, म्हणजे या धक्क्याचा हिशेब, कागदावर मागा. ते नसेल तर मंजुरीची घाई करू नका. हेस्कॉम या वीज कंपनीकडून स्वतंत्र एक्स्प्रेस फीडर (फक्त पंपासाठीची वीजवाहिनी) मिळाला तर निम्मा त्रास मुळातच कमी होतो.

जमिनीचाही विचार हवा. चिक्कोडी-निपाणीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे पाइपखाली आणि बाजूला वाळू किंवा बारीक मुरूम लागतो. उसाच्या शेतातून जाताना पाइपवर किमान एक मीटर माती ठेवा, कारण सबसॉयलर (खोल नांगरणीचे अवजार) खोल जातो. उसाच्या ट्रॉल्या ओलांडतात तिथे त्याहून खोल. हायवे ४८ किंवा रेल्वेखालून नेताना केसिंग पाइप (बाहेरचा संरक्षक मोठा पाइप) ढकलूनच काम होते. ती परवानगी महिनोन्महिने घेते, म्हणून अर्ज पाइप येण्याआधी टाका.

साडेपाच मीटरचा एक पाइप धरला तर २५ किलोमीटरमध्ये साडेचार हजार जोड होतात, आणि गळती तिथूनच सुरू होते. सॉकेट (पाइपचे रुंद तोंड) पुसलेले, रबर रिंग नीट बसलेली, आणि वंगण साबणाचेच हवे. ऑइल किंवा ग्रीस लावले की रबर खराब होते. वळणांवरचे काँक्रीटचे ठोकळे तर डोळ्यांनी बघाच: १५ बार चाचणी दाबाला ४५ अंशांच्या बेंडवर सुमारे २१ टन जोर येतो. ठोकळा कोऱ्या, न खणलेल्या जमिनीला टेकलेला हवा. भरावाला टेकवला तर सरकतो.

चाचणी एक-दोन किलोमीटरच्या तुकड्यांत, कामाच्या दाबाच्या दीडपटीने घ्यायला लावा. त्या वेळी जोड उघडे असावेत आणि पाइप चोवीस तास आधी भरलेला असावा. सगळे बुजवून झाल्यावर दाखवलेला प्रेशर गेज काही कामाचा नाही.

वाटेतल्या गावांचा प्रश्न मात्र आजच सोडवा. उंच टाकीकडे जाणाऱ्या मुख्य वाहिनीवर थेट कनेक्शन कुणालाच देऊ नका. तसे केले की शेवटच्या गावापर्यंत दाब उरत नाही. त्या गावांना वरच्या टाकीतून उतारावर येणारी वेगळी वाहिनी द्या, प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर आणि फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह बसवा. वाटेतले लोक तहानलेले राहिले तर एप्रिलमध्ये एअर व्हॉल्व्ह फोडले जातात, आणि पंप बंद असताना त्याच भोकातून चिखलपाणी आत ओढले जाते. मग शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीनही उरत नाही.

करारात एक ओळ पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) घालून घ्या: काम ताब्यात देताना प्रत्येक व्हॉल्व्ह, बेंड आणि वॉशआउटची (वाहिनी धुऊन रिकामी करण्याच्या तोंडाची) जागा खोलीसह दाखवणारा प्रत्यक्ष कामाचा नकाशा, प्रत्येक पंचायतीला एक प्रत. तो मिळेपर्यंत शेवटचे बिल अडवून ठेवा.