‘झालं का रे?’ हे विचारणं आधी बंद करा

या महिन्यातली सॉफ्टवेअरवाल्यांची पत्रंही बहुतेक एकाच वळणाची: काय विकत आणलं म्हणजे टीम नीट काम करेल? खुर्ची, ॲप, पिवळे दिवे, बीन बॅग. बेळगावच्या टिळकवाडीतल्या एकांनी तर मत्स्यालयाचा खर्च काढून पाठवलाय. काही न आणता काय करता येईल, हे एकानेही विचारलेलं नाही. असो, उत्तरं देतो.

प्रश्न (टिळकवाडी): आमची रोज सकाळची मीटिंग पाऊण तास चालते. किती वेळ असावी?

पंधरा मिनिटं. स्क्रम या सॉफ्टवेअर टीमच्या कामाच्या पद्धतीतही तेवढीच सांगितली आहे. उभ्याने घ्या, चहा नंतर. आणि मत्स्यालय नको.

प्रश्न (शहापूर): दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोळे चुरचुरतात. चष्म्याच्या दुकानात निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा घ्यायला सांगितलं. सगळ्या टीमला घेतल्या तर सवलत आहे.

सवलत असणारच. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात या काचांच्या १७ चाचण्या तपासल्या गेल्या. अशा काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं काही दिसलं नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, म्हणून चुरचुर. दर वीस मिनिटांनी जरा लांब बघा, एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, पुन्हा त्या दुकानात नव्हे.

प्रश्न (उद्यमबाग): वडिलांची फाउंड्री आहे, वरच्या मजल्यावर मी नऊ जणांचं सॉफ्टवेअर युनिट काढलंय. दर अर्ध्या तासाने फेरी मारतो, ‘झालं का, काही अडचण?’ विचारतो. तरी एक काम वेळेत होत नाही. पोरं हेडफोन घालून बसतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत. हेडफोनवर बंदी घालावी का?

बंदी फेरीवर घाला.

याच प्रश्नाला मी कितव्यांदा उत्तर देतोय कोण जाणे. तुम्ही फाउंड्रीच्या घरातले, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. साच्यात वितळलेल्या धातूचा रस ओतताना लॅडल, म्हणजे ओतायचा डाव, मधेच थांबवला तर काय होतं, हे खाली जाऊन वडिलांना विचारा. आधी गेलेल्या रसावर साय धरते, मागून आलेला रस तिच्याशी एकजीव होत नाही आणि कास्टिंगवर केसाएवढी रेघ राहते. तिला म्हणतात कोल्ड शट. ग्राइंडर फिरवला की ती दिसेनाशी होते. गिऱ्हाइकाकडे प्रेशर टेस्टला लावलं की तिथूनच गळतं. रस ओतणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘झालं का रे?’ असं तुम्ही कधी विचाराल? वडील कारखान्यातून हाकलून देतील.

कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात तसाच रस असतो. हे फंक्शन, म्हणजे कोडचा हा तुकडा, कोण बोलावतं, पेमेंट दोनदा आलं तर काय, जुन्या गिऱ्हाइकाचा रेकॉर्ड रिकामा असला तर काय, अशा दहा गोष्टी तो एका वेळी धरून बसलेला असतो. त्या कागदावर कुठे नसतात. तुमच्या एका हाकेने त्यातल्या सात सांडतात. अमेरिकेतले संशोधक क्रिस पार्निन यांनी प्रोग्रॅमरांच्या कामाच्या हजारो नोंदी तपासल्या. काम मधे तुटल्यावर पुन्हा कोडला हात घालायला साधारण १० ते १५ मिनिटं जातात असं त्यांना दिसलं. तुमची फेरी दर ३० मिनिटांनी. हिशेब तुम्हीच करा.

मागे तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या एका ऑफिसात मी सकाळी दहा ते एक नुसता बसून होतो, हातात पेन्सिल आणि कागद. बिलिंगचा कोड लिहिणाऱ्या एका मुलीला कोणी हाक मारली की एक रेघ. एक वाजता चौदा रेघा झाल्या. त्यातली एक मालकांची: भेटायला आलेल्या मेहुण्याला वायफायचा पासवर्ड हवा होता. पुढच्या आठवड्यात जीएसटीच्या बिलांत रुपया-रुपयाचा फरक येऊ लागला. तो कोड उघडला तर तिची टीप तशीच पडलेली: ‘इथे माल परत आला तर’. पुढे कोरं. तिथेच कुणीतरी हाक मारली होती. मालक म्हणाले, पोरीचं लक्ष नाही.

तेव्हा असं करा. दहा ते साडेबारा कोणी कोणाला हाक मारायची नाही, तुम्ही तर नाहीच. प्रश्न ग्रुपवर लिहून ठेवायचा, उत्तर साडेबाराला मिळेल. सर्व्हर बंद पडला तरच फोन. गिऱ्हाइकांचे फोन आठवडाभर एकानेच घ्यायचे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने. तुमची फेरी दिवसातून एकदा, साडेचारला. पण ही वेळ मी म्हणतो म्हणून भिंतीवर चिकटवू नका. त्या नऊ जणांना बसवून विचारा, कोणाची एकाग्रता दुपारी जास्त असेल. दोन आठवडे चालवून पुन्हा त्यांनाच विचारा. हेडफोन आपोआप उतरतील. खालच्या ग्राइंडरसाठी राहिले तर तो आवाजाचा प्रश्न, त्यासाठी ध्वनिरोधनाचं काम करणाऱ्याला जागा दाखवा.

प्रश्न (निपाणी): एका एजंटाने सॉफ्टवेअर दाखवलं. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढतं, माउस किती हलला ते मोजतं. ‘उत्पादकता ४० टक्के वाढते’ म्हणतो. घ्यावं का?

नको. चाळीस टक्के कशाचे, ते त्याला लेखी द्यायला सांगा. पुन्हा फिरकणार नाही. माउस मोजलात तर माउस हलेल, तो हलवत ठेवणारं यंत्रही बाजारात मिळतं. किती ओळी लिहिल्या हे मोजलंत तर एका ओळीचं काम दहा ओळींत होईल. मोजायचंच तर केलेला बदल गिऱ्हाइकापर्यंत पोचायला किती दिवस लागले आणि त्यातले किती मोडून परत आले, ते मोजा. तरीही पाळत ठेवायची असेल तर आधी वकिलांना भेटा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय.

प्रश्न (खानापूर): घरून काम करते. पावसाळ्यात लाइट जाते आणि टीमचा लीड म्हणतो, रोज बेळगावला ये. केवढा इन्व्हर्टर घ्यावा?

राउटरला छोटा यूपीएस पुरतो, लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असतेच. पंखा-दिवे धरून किती हवं ते वायरमनला घर दाखवून ठरवा. केलेलं काम तासा-दोन तासांनी गिटवर, म्हणजे कोड जपून ठेवणाऱ्या प्रणालीवर, चढवत चला. आणि लीडला सांगा, खानापुरातला पाऊस तुम्ही पाडत नाही.

प्रश्न (वडगाव): आम्ही चौघं मराठी बोलतो, तिघं कन्नड, एक मुलगी ओडिशाची. महत्त्वाचे निर्णय चहाच्या टपरीवर होतात आणि तिला दुसऱ्या दिवशी कळतात. ऑफिसात फक्त इंग्रजी असा नियम करावा का?

चहाला काय बोलायचं याचे नियम करू नका, सीमाभागात ते आधीच पुष्कळ झालेत. नियम एकच: जो निर्णय लिहिला नाही तो झाला नाही. टपरीवर ठरलं तर परत आल्यावर, का ठरलं यासकट, सगळ्यांना कळेल अशा भाषेत चार ओळी लिहायच्या आणि तिची हरकत आली तर विषय पुन्हा उघडायचा. ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ (जरा सांभाळून घ्या) हे बसमधल्या सीटला ठीक. ती मुलगी नोकरी सोडायच्या बेतात आहे का, ते मात्र तिलाच विचारा, मला नव्हे.

प्रश्न (हिंदवाडी): रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला द्यायच्या, आठवड्यात रोज बारा-बारा तास बसवतात. कायद्याने चालतं का?

कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास आहेत, त्यापुढचा ओव्हरटाइम. नेमणूकपत्र घेऊन कामगार कायद्याच्या वकिलांना भेटा.

प्रश्न (चिकोडी): प्रकल्प तीन महिने मागे पडलाय. सहा जणांच्या टीममध्ये कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली चार मुलं घ्यावीत म्हणतो. गिऱ्हाइकाला अजून उशिराचं सांगितलेलं नाही.

उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. सहा जणांत आपापसांत बोलण्याच्या १५ जोड्या होतात, दहा जणांत ४५. शिवाय त्या चौघांना शिकवणार कोण? तेच सहा. मुलं घ्या, पण पुढच्या प्रकल्पाला. आत्ता यादीतलं काय वगळता येईल ते टीमच्या सगळ्यात अनुभवी माणसाबरोबर बसून ठरवा आणि ती यादी समोर ठेवून गिऱ्हाइकाला फोन करा. तीन महिने थांबलात, वर माझ्या उत्तराचीही वाट पाहिलीत. फोन आज.