तुझ्या त्या ‘ॲड्रिनल फटीग’बद्दल थोडं

अगं,

तुझा मेसेज सकाळी वाचला, आणि पहिलं काय बघितलं तर पाठवल्याची वेळ. रात्रीचे पावणेतीन! तू लिहिलंयस की सकाळी उठताना अंगात त्राण नसतं, दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात, रात्री अकरानंतर मात्र एकदम तरतरी येते आणि मग झोपेचं खोबरं, आणि नेटवर वाचून वाचून तुझी खात्री झालीय की हे ॲड्रिनल फटीगच आहे, म्हणजे किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी ताणाने दमल्यात. लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं हॉर्मोन) मोजायची टेस्ट करू का आणि ‘ॲड्रिनल सपोर्ट’च्या सप्लिमेंट घेऊ का, एवढंच विचारलंयस. उत्तर एका ओळीचं आहे, टेस्ट नको आणि गोळ्या तर अजिबातच नको. पण नुसतं ‘नको’ म्हटलं तर तुला वाटणार की ताईलाही मी नाटकं करतेय असंच वाटतं, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, एका दमात वाचू नकोस हवं तर.

मी स्वतः या गल्लीतून जाऊन आलेय. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेन तेव्हा, एका प्रोजेक्टवर जीव काढून काम केलं आणि नंतर अशी गळून गेले की जिना चढताना मध्ये थांबायला लागायचं. कुणीतरी हेच नाव सांगितलं आणि खरं सांगू, मला इतकं हायसं वाटलं! आपल्या थकव्याला नाव मिळालं म्हणजे आपण आळशी नाही ना. आठ महिने ‘ॲड्रिनल सपोर्ट’च्या गोळ्या खाल्ल्या. मग एका डॉक्टरीणबाईंनी पाळी किती दिवस चालते एवढा साधा प्रश्न विचारला, फेरिटिनची रक्ततपासणी करायला लावली, ते आलं 6. म्हणजे लोहाचा साठाच संपलेला आणि मी मात्र किडनीवर बसलेल्या दोन इवल्याशा ग्रंथींची मनधरणी करत होते. गोळ्यांवर गेलेल्या पैशांपेक्षा ते आठ महिने फुकट गेले याचं जास्त वाईट वाटतं.

आता त्या नावाचं. जेम्स विल्सन नावाच्या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने (मणके हाताने दाबून उपचार करणारा) 1998 मध्ये ते आणलं. कल्पना अशी की सतत टेन्शन असलं की ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवून बनवून दमतात, मग कॉर्टिसॉल कमी पडतं आणि माणूस थकतो. ऐकायला पटतं, कारण आपण सगळे स्वतःला मोबाईलची बॅटरीच समजतो. पण ग्रंथी अशी संपत नाही, तिला मेंदूतून ऑर्डर येते, हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीकडून, आणि लांबलेल्या ताणात बदल झालाच तर तो या ऑर्डरींच्या तालात होऊ शकतो, कारखाना रिकामा होत नाही. 2016 मध्ये ब्राझीलच्या दोघा संशोधकांनी 58 अभ्यास एकत्र तपासले, निकाल एकमेकांशी जुळेचनात, आणि त्यांनी पेपरच्या शीर्षकातच लिहून टाकलं की ॲड्रिनल फटीग असं काही नसतं. हॉर्मोनच्या डॉक्टरांची जी मोठी संघटना आहे, एंडोक्राइन सोसायटी, ती पण हा आजार मानत नाही. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजणं खोटं नाही हां, रात्री उशिराच्या लाळेची टेस्ट डॉक्टर करतात, पण ती कुशिंग सिंड्रोम शोधायला, म्हणजे कॉर्टिसॉल *जास्त* झालंय का बघायला. गंमतच आहे.

ॲड्रिनल खरोखर निकामी होतात तो आजार वेगळा, ॲडिसन्स डिसीज, 1855 पासून माहितीय. त्यात वजन उतरतं, बीपी खाली जातं, उभं राहिलं की चक्कर, खारट खावंसं वाटतं, आणि हाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळपट पडायला लागतात. यातलं काही असेल तर सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल बघतात, शंका उरली तर एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट, म्हणजे इंजेक्शन देऊन ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते का ते बघायचं. आणि एक प्रश्न मी तुला मुद्दाम विचारतेय, गेल्या वर्षभरात स्टिरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शन किंवा त्वचेला लावायचं स्ट्राँग क्रीम बरेच दिवस वापरून अचानक बंद केलंस का? असेल तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांग, कारण त्याने ग्रंथी खरंच झोपी जातात. थकव्याबरोबर उलट्या, पोटदुखी, शुद्ध हरपणं असं सुरू झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं.

गोळ्यांचं मात्र मला खरंच राग येईल असं आहे. 2018 मध्ये अशा 12 सप्लिमेंट तपासल्या, बाराच्या बारामध्ये थायरॉइडचं हॉर्मोन निघालं आणि सातांत स्टिरॉइड हॉर्मोन! म्हणजे ‘मला तर फरक पडला बाई’ म्हणणारे सगळेच खोटं बोलत नसतील, न सांगता हॉर्मोन पाजलं तर फरक पडणारच की. काहींमध्ये ज्येष्ठमध असतं, ते रोज जास्त घेतलं की बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. नैसर्गिक आहे वगैरे मला सांगू नकोस.

मग करायचं काय, तर आधी अंगावर काढणं बंद. डॉक्टरकडे जाऊन सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइड), बी12, एचबीए1सी (साखर), किडनी-लिव्हर एवढं तरी विचार, हिमोग्लोबिन नॉर्मल आलं म्हणून फेरिटिन सोडून देऊ नकोस. केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असशील तर आधीच सांग, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. घोरतेस का हे घरच्यांना विचार (राग येऊ दे), कारण स्लीप ॲप्नियात झोपेत श्वास मध्येमध्ये थांबतो आणि आठ तास झोपूनही माणूस पिळवटल्यासारखा उठतो. आणि आवडत्या गोष्टीतूनही मन उडालं असेल, सगळं निरर्थक वाटत असेल तर तेही तितक्याच सरळपणे सांग, डिप्रेशनचा थकवा हा काही कमी खरा थकवा नाही. जगणंच नको असं मनात आलं तर मात्र त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगायचं, मला सांग.

रात्री अकराच्या तरतरीत कॉफीचा हात असणार असा माझा अंदाज आहे. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर सगळ्यात वर असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात खाली, पण तू त्या वेळी लॅपटॉप डोळ्यासमोर धरून बसतेस, आणि संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री दहालाही अंगात फिरतंय. सगळं उसनं अवसान. झोपायची वेळ ठरवण्याच्या मागे लागू नकोस, ते जमत नाही, उठायची वेळ धरून ठेव, रविवारी पण तीच, आणि उठलं की उजेडात जा. कॉफी दुपारी बारापर्यंत. पहिला आठवडा वाईट जाईल.

सगळ्यात जास्त मला बोलायचंय ते तुझ्या चांगल्या दिवसांबद्दल. तू लिहिलंस की मधेच एखादा दिवस बरा जातो, मग त्या दिवशी तू तुंबलेलं सगळं उरकतेस, आणि पुढचे तीन दिवस आडवी. हे मी वर्षभर केलं. बरं वाटलं की आपल्याला वाटतं आता वसुली करावी, राहिलेली कामं, भेटी, व्यायाम, सगळं, आणि उरलेलं जे काही साठलं होतं ते एका दुपारी उधळून मोकळे. चांगल्या दिवशी थांबणं हे वाईट दिवशी ढकलण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, मला ते शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी शेवटी असं केलं की वाईट दिवशी सुद्धा जेवढं जमतं तेवढंच दोन आठवडे रोज करायचं, वीस मिनिटं चालणं म्हणजे वीसच, पाय म्हणाले अजून जाऊया तरी घरी परत. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवलं. कंटाळवाणं होतं, पण त्यानेच गाडी रुळावर आली, सुट्टी घेऊन दहा दिवस पडून राहण्याने नाही आली, कारण अकराव्या दिवशी तेच काम तिथेच उभं होतं.

त्या कामाचं पण बघायलाच लागेल. डब्ल्यूएचओने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली त्यात त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न सावरलेल्या ताणातून येणारी गोष्ट म्हटलंय: शक्ती संपणं, कामाबद्दल मन तुटणं, आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. तुझ्या मेसेजमध्ये तिन्ही आहेत. बॉसला ‘मी थकलेय’ म्हणू नकोस, तो म्हणेल दोन दिवस सुट्टी घे. हातातल्या कामांची यादी समोर ठेव आणि विचार, यातली कुठली दोन या महिन्यात नाही केली तर चालेल? उत्तर त्याला द्यायला लाव. ‘सगळीच महत्त्वाची’ असं आलं तर तेच मेलवर लिहून घे, आणि मग आपण दुसऱ्या नोकरीचं बोलू.

रिपोर्ट आले की फोटो पाठव, आकडे नेटवर शोधत बसू नकोस. आणि रात्री नाही हं, सकाळी पाठव.

तुझी ताई