ऐकून घेतल्याने वांशिक दुही मिटते का?

तुमचा प्रश्न असा, की वर्णद्वेषातून पेटलेला संघर्ष शमल्यावर दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचं ऐकून घेतलं तर मनं जुळतात का, की ही नुसती बोलाचीच कढी? माझ्या मते जुळू शकतात, पण ऐकणाऱ्याला त्यापायी काहीतरी सोडावं किंवा द्यावं लागत असेल तरच.

सगळे दाखला देतात तो दक्षिण आफ्रिकेतल्या सत्य आणि सलोखा आयोगाचा. तिथल्या गोऱ्यांच्या वर्णभेदी राजवटीतले अत्याचार उजेडात आणायला १९९५ च्या कायद्याने तो नेमला, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. पहिली जाहीर सुनावणी एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन या शहरात झाली. (नाव लंडन, गाव आफ्रिकेतलं.) पीडितांच्या सुमारे २१ हजार जबान्या घेतल्या, त्यातल्या दोनेक हजार जणांना जाहीरपणे बोलायला मिळालं आणि ते देशभर रेडिओवर ऐकू गेलं.

मला त्यातली बैठकीची रीत फार महत्त्वाची वाटते. म्हापशाच्या कोर्टात कधी साक्ष दिली असेल तर ठाऊक असेल, विचारलं तेवढंच सांगायचं, जरा पाल्हाळ लागलं की वकील उठलाच. आयोगापुढे पीडितांची सहसा उलटतपासणी नसे. बाई मुलाच्या शर्टापासून सुरुवात करो की त्या दिवशीच्या स्वयंपाकापासून, तिला बोलू देत. तेही तिच्या भाषेत: खोसा, झुलू, सोथो, आफ्रिकान्स. दुभाषे तिचं बोलणं प्रथमपुरुषी सांगत, ‘मला मारलं’, ‘माझा मुलगा नेला’ असं. दिवसभर दुसऱ्याचं दुःख ‘मी’ म्हणून बोलायचं! त्यांच्यातल्या कित्येकांना त्याचा फार त्रास झाला. सुरुवातीच्याच सुनावणीत चाकाच्या खुर्चीतल्या एका माजी राजकीय कैद्याला त्याचा छळ सांगताना हुंदका आवरेना, तेव्हा टुटूही टेबलावर डोकं टेकून रडले. पुढे मात्र त्यांनी स्वतःला आवरायचं ठरवलं, कारण कॅमेरे पीडितांना सोडून त्यांच्याकडे वळत होते. मला हे रडण्यापेक्षा मोठं वाटतं.

आता उणी बाजू. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते गोरे लोक सभागृहात थोडेच दिसत. माजी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा तर समन्स येऊनही गेले नाहीत. गुन्ह्याची पूर्ण कबुली दिली तर माफी मिळू शकत होती. त्यासाठी ७,११२ अर्ज आले, ८४९ मंजूर झाले. पोलीस कोठडीत जीव गमावलेले कृष्णवर्णीय नेते स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांना ही माफीच मान्य नव्हती. त्यांना खटला हवा होता, ते घटना न्यायालयात गेले आणि हरले. त्यांना ‘कटुता सोडा’ असं सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? भरपाईचंही तसंच. आयोगाने सहा वर्षं दरसाल रक्कम द्या म्हटलं होतं, सरकारने २००३ मध्ये एकदाच प्रत्येकी ३० हजार रँड (तिथलं चलन) जाहीर केले. पोटतिडकीने सांगितलेलं ऐकून घेऊन पुढे काही केलं नाही, तर माणूस आधीपेक्षा जास्त दुखावतो.

आपल्या गोव्यात आफ्रिकेएवढं काही झालेलं नाही, पण २०१३ चं पर्वरीचं प्रकरण आठवत असेल. एका नायजेरियन तरुणाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी शव घेऊन महामार्ग अडवला. मग काय, बसमध्ये, तिंट्यावर (बाजारात) एकच विषय. ‘त्यांना खोल्या देऊ नका’, ‘सगळे ड्रग्जवाले’. एका मंत्र्याने तर त्यांना कॅन्सरची उपमा दिली. गावकऱ्यांचा ड्रग्जबद्दलचा राग खोटा नव्हता, पण खुनाच्या तपासावर त्या मुलांचा भरवसा का नव्हता, हे विचारायला कोण गेलं?

‘ग्रामसभेत बसून बोलावं’ असं कुणी सुचवलं की मला हसू येतं. ग्रामसभा गावच्या मतदारांची. परदेशी भाडेकरूवर तिथे तासभर चर्चा होईल, त्याला बोलायची सोय नाही. तुमच्या भागात अशी बैठक घेणार असाल तर ती वेगळी घ्या, कोंकणी आणि इंग्रजी दोन्ही येणारा एक दुभाषी ठेवा, आणि घरमालकांच्या आधी पोलीस निरीक्षकाची तारीख पक्की करा. तक्रार नोंदवून घेणं त्याच्या हातात आहे. तो येणार नसेल तर मी बैठक पुढे ढकलेन.