पेशीसंवर्धनासाठी सीरम

प्रश्न : नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात वीज वारंवार जाते. फीटल बोवाइन सीरम (गायीच्या गर्भाच्या रक्तापासून काढलेला, प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यासाठी वापरायचा द्रव) कसे निवडावे व साठवावे?

उत्तर : प्रत्येक लॉटमधील (एका वेळी तयार केलेल्या मालातील) वाढघटकांचे व संप्रेरकांचे प्रमाण निराळे असल्याने, किमतीवर न जाता, दोन-तीन लॉटचे नमुने मागवून त्यांत आपल्याच पेशी काही पिढ्या वाढवून पाहाव्यात आणि पसंत पडलेल्या लॉटचा वर्षभराचा साठा पुरवठादाराकडे राखून ठेवावा, म्हणजे माल उन्हाळ्याआधीच मागवता येऊन मे महिन्यातील उन्हात पार्सल वितळण्याची धास्तीही टळते. सीरम उणे २० अंश सेल्सिअसला ठेवावे. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर सोयीचा, पण त्यात तापमान वरखाली होत राहत असल्याने या कामाला वाईटच. बाटली रात्रभर २ ते ८ अंशांवर वितळवून, हलकेच फिरवून, निर्जंतुक नळ्यांत वाटून गोठवावी. पुन्हापुन्हा वितळल्यास गाळ धरतो. वीज गेल्यास फ्रीझर उघडू नये. सीरममधील कॉम्प्लिमेंट (पेशींना इजा करू शकणारी प्रथिने) निष्क्रिय करण्यासाठी ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवणे प्रयोगाची गरज असेल तरच करावे.