पानातला स्टार्च तपासताय? आधी पान रिकामं करा

पानाच्या काही भागावर काळा कागद लावून ऊन द्यायचं आणि मग आयोडीन टाकून बघायचं, स्टार्च असेल तिथे निळाकाळा रंग येतो, असा हा प्रयोग. त्यासाठी कुंडी आधी 48 तास अंधारात ठेवा. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. अंधारात पानातल्या स्टार्चची साखर होते आणि ती सुक्रोजच्या रूपात रसवाहिन्यांमधून मुळांकडे, फळांकडे जाते. पान रिकामं झालं नसेल तर काळ्या कागदाखालचा भागही निळाकाळा दिसेल, मग प्रयोग कसला?

नंतर कागद लावून 5-6 तास ऊन. पान मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग परीक्षानळीतल्या स्पिरिटमध्ये. नळी गरम पाण्यात उभी करा, पण बर्नर आधी विझवा. स्पिरिटची वाफ भडकते. हिरवा रंग उतरला की पान कडकडीत होतं, म्हणून कोमट पाण्यात बुडवून मगच आयोडीन टाका.

आणि कांद्याची पात नको. ती स्टार्च साठवतच नाही, साखरच ठेवते. जास्वंद घ्या.