डोरेमॉनच्या प्रत्येक भागात तीच ती गोष्ट का असते? नोबिता कधीच सुधारत का नाही?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा आहे, रोज टीव्हीवर डोरेमॉनचं कार्टूनच लावून बसतो, आणि "यातून तो काय शिकणार, सगळं आयतं मिळवायला?" हे आयतं मिळवायचं वाक्य मी आमच्या शाळेत इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, बीड जिल्ह्यात.

तीच ती गोष्ट असते हे खरंय, आणि माझं म्हणणं आहे ती तशीच असायला पाहिजे. नोबिता या शाळकरी पोराला पेपरात शून्य मिळालं, नाहीतर दांडगट जियाननं धुतलं, नाहीतर पैसेवाल्या सुनियोनं काहीतरी भारी आणलं आणि "हे तिघांनाच पुरतं रे नोबिता" म्हणून नेमकं यालाच बाहेर ठेवलं. मग रडत घरी. डोरेमॉन, म्हणजे त्याच्याकडं राहणारं भविष्यातलं यंत्राचं मांजर, आधी कुरकुर करतो, मग पोटाच्या खिशातून वस्तू काढतो, ती वर धरून मोठ्यानं तिचं नाव सांगतो, कशी चालवायची आणि काय करायचं नाही ते पण सांगतो. नोबिता पुढे जाऊन नेमकं तेच करतो. अर्ध्या भागापर्यंत मजा, मग याला हाव सुटते किंवा जियान येऊन हिसकावून घेतो (तुझं ते माझं आणि माझं ते तर माझंच, हा त्याचा कायदा), आणि वस्तू उलटते. गोष्ट तिथंच कापलेली. "तर मुलांनो" असं कोणी म्हणत नाही. मला तर हे सगळ्यात जास्त आवडतं.

हे असं का झालं त्याला साधं कारण आहे. ही गोष्ट टीव्हीसाठी लिहिलेलीच नव्हती. फुजिको एफ. फुजिओ या नावानं लिहिणारे हिरोशी फुजिमोतो यांनी ती १९६९ च्या शेवटी जपानमधल्या मुलांच्या मासिकांत सुरू केली, आणि ती मासिकं इयत्तेप्रमाणे निघायची, पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं, बालवाडीचं पण वेगळं. एकाच महिन्यात सहा मासिकांत सहा वेगवेगळ्या गोष्टी. दरवर्षी पोरं वरच्या वर्गात जाणार, म्हणजे खालच्या मासिकाला दरवर्षी नवीन वाचक. मग प्रत्येक गोष्ट थोडक्या पानांत सुरू होऊन तिथंच संपली पाहिजे, मागचं काही माहीत नसलेल्या पोराला पण कळली पाहिजे. नोबिता शहाणा झाला असता तर पुढच्या वर्षीच्या पोरांना शहाणा झालेला नोबिता मिळाला असता, आणि शून्य मार्कवाल्या पोराला त्याचा काय उपयोग? फुजिमोतो स्वतः म्हणायचे की नोबिता म्हणजे लहानपणीचा मीच. टीव्हीवर आत्ताची मालिका २००५ पासूनची, त्याआधीची १९७९ ची, पण साचा त्याच मासिकांतला आहे.

आणि साचा ठरलेला असला की पोराचं लक्ष कुठं जातं? जे बदलतं तिथं. पोराला माहीत असतं की हे बिघडणार आहे, ते फक्त बघत असतं की कसं बिघडणार. मेमरी ब्रेडचा भाग तुमच्या मुलाला विचारा, त्याला पाठ असेल. वहीवर ब्रेड दाबायचा, अक्षरं ब्रेडवर उमटतात, खाल्लं की पाठ. आता यात काय बिघडेल? नोबिता खात सुटतो, पोट बिघडतं, आणि संडासला जाऊन आला की पाठ केलेलं सगळं साफ! आपल्या वर्गातलं सात वर्षांचं पोर हे आधीच ओळखून ओरडत असतं, नको खाऊ, नको खाऊ. ते नोबिताच्या एक पाऊल पुढे असतं. एरवी शाळेत ते कायम कुणाच्या तरी मागेच असतं.

आता माझं सांगते, कारण मी हे नुसतं टीव्हीसमोर बसून बोलत नाही.

चौथीचा वर्ग होता माझ्याकडं. दिवाळी झाली की निम्म्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला जातात, पार कोल्हापूर सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात, पोरं मागं आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. गोष्ट लिहा म्हटलं की अख्खा वर्ग एकच लिहायचा, एक राजा होता, त्याला दोन राण्या होत्या, एक आवडती एक नावडती, आणि पुढं काहीच नाही कारण आमच्याकडच्या पोरांना राजा काय करतो दिवसभर ते कुठून माहीत असणार. मग मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. अडचण काय आहे. वस्तू कोणती मिळाली. काय करू नको म्हणून सांगितलंय. मग काय बिघडलं. म्हटलं डोरेमॉनचा भाग तुम्ही लिहा, नोबिता आपल्या गावात राहतो असं समजा. बस, एवढंच सांगितलं.

शेवटच्या पट्टीवर बसणारं एक पोरगं होतं, हजेरीला सुद्धा मान हलवायचं नुसती. त्यानं लिहिलं की नोबिताचे आईबाप फडात आहेत आणि डोरेमॉननं त्याला आपोआप चालणारा कोयता दिला. अट एकच, कोयत्याला काय तोडायचं ते नीट नाव घेऊन सांगायचं. नोबिता म्हणतो ऊस, आणि घटकाभरात फड मोकळा, आईबाप दुपारी पालात झोपलेत (ही ओळ त्यानं दोनदा लिहिली होती, मी खोडली नाही). मग मुकादम येतो, मजुरांना आगाऊ पैसे म्हणजे उचल देऊन तोडीला आणणारा. म्हणतो उचल माझी आहे तर कोयता पण माझा. घेतो हिसकावून आणि म्हणतो, तोड, सगळं तोड! मग कोयता ऊस तोडतो, ट्रकचे टायर तोडतो, मुकादमाची मोटारसायकल तोडतो, कारखान्याचं धुराडं तोडतो, आणि मुकादम पुढं आणि कोयता मागं. गोष्ट संपली.

मी जियानबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. दुसऱ्याची वस्तू हक्कानं उचलणारा जो माणूस गोष्टीत लागतो तो आपल्याकडं कोण, हे त्या पोरानं स्वतः शोधलं, त्याच्या तोंडी वाक्य पण जियानचंच घातलं, फक्त ते आमच्या भागातलं करून. आणि शेवटी उपदेश नाही. त्यानं ते उभं राहून वाचलं, वर्ग हसून हसून लोळला, नंतर महिनाभर सगळे लिहीत होते. पाणी भरणारी घागर, मास्तरचा आवाज बंद करणारं बटण, आजीचा गुडघा. मी कागद भिंतीवर लावले.

तर आमच्याकडचे एक ज्येष्ठ सर, त्यांनी शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर विषय काढला की मॅडम वर्गात कार्टून शिकवतात, पोरं आधीच आळशी, त्यात खिशातून आयतं काढून देणारं मांजर. सगळे हसले. नंतर तपासणी होती म्हणून ते कागद काढायला लावले. मला आजही राग आहे त्याचा. ज्या पोराचे आईबाप पहाटे चारला फडात उतरतात त्याला आळशी म्हणायचं? आणि आयतं मिळालेलं अंगावर येतं हेच तर तो कार्यक्रम भागामागून भाग दाखवतोय, बघितला असता तर कळलं असतं.

बरं, नोबिता कधीच सुधारत नाही हे पण पूर्ण खरं नाही. १९७४ मध्ये फुजिमोतोंनी गोष्ट संपवायचीच ठरवली होती. डोरेमॉन भविष्यात परत निघालाय, त्याला काळजी नको म्हणून नोबिता रात्री एकटा, कुठलीही वस्तू न घेता जियानशी भिडतो, मार खातो पण सोडत नाही, शेवटी जियानच कंटाळून हरला म्हणतो. ही गोष्ट तिसरीच्या मासिकाच्या मार्चच्या अंकात आली, आणि चौथीच्या मासिकाच्या एप्रिलच्या अंकात डोरेमॉन परत. तो पण वस्तूमुळेच, जे बोलू ते खोटं ठरवणारं औषध नोबिता पितो आणि रडत म्हणतो डोरेमॉन आता कधीच येणार नाही. म्हणजे भिडला पण, आणि एप्रिलपासून पुन्हा शून्य मार्क. दोन्ही खरं असू शकतं, वर्गात मी रोज बघते. आणि १९८० पासून जवळपास दरवर्षी सिनेमा येतो, त्यात तर हा साचा मुद्दाम उलटा करतात, वस्तू ऐनवेळी चालत नाहीत, जियान जीव धोक्यात घालून मित्राला वाचवतो. रोजचा जियान माहीत असल्याशिवाय तो जियान पोरांना एवढा भिडणारच नाही.

त्या सरांचं दुसरं एक पेटंट वाक्य होतं, "नोबिता होशील". पोराला कमी मार्क पडले की हेच. मोठेपणी नोबिताचं शिझुकाशी, म्हणजे त्याच्या वर्गातल्या मैत्रिणीशी, लग्न ठरतं तो भाग मी त्यांना मोबाईलवर दाखवायला तयार होते, शिझुकाचे वडील लग्नाच्या आदल्या रात्री तिला सांगतात की हा मुलगा दुसऱ्याच्या सुखानं सुखी होतो आणि दुसऱ्याच्या दुःखानं दुःखी, तुझी निवड बरोबर आहे. पहिलीच्या पहिल्या दिवसापासून पोरांत आपण हेच तर शोधतो ना? त्यांनी बघितलं नाही. न बघता मत देणाऱ्याशी वाद घालू नये असं म्हणतात, मी तरी घालते, आणि तुमच्या घरात असं कोणी म्हणत असेल तर तुम्ही पण घाला.

हां, राहिलंच. शिझुका अंघोळ करत असताना नोबिता चुकून तिथं पोचतो, हा पण जुना साचाच आहे आणि तो मला अजिबात पटत नाही, त्यात गंमत काही नाही, मुलगा शेजारी असेल तर तिथं थांबून बोला. नोबिताची आई बिचारी कायम रागावतानाच दिसते, ते पण खटकतं. आणि सलग चार भाग लावून देऊ नका, एक झाला की टीव्ही बंद करा आणि विचारा, ती वस्तू आपल्या घरात असती तर काय बिघडलं असतं. सात वर्षांचा आहे, लिहिता येत नसेल तर चित्र काढू दे.